डोंगर हलला की खांब? जलाशयाकाठच्या एका रडार-पाहणीचं प्रकरण

जुलैमधली उघडिपीची संध्याकाळ होती. तीन दिवस झोडपून पावसानं दुपारी विश्रांती घेतली होती. घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात शेवटचा चहा झाला होता आणि मी ठाणे स्लो पकडायच्या तयारीत छत्री शोधत होते. तेवढ्यात टेबलावरचे तीन मोबाइल एकदम वाजले. घाटमाथ्यावरच्या एका छोट्या जलाशयाकाठी आम्ही जमिनीवरचं रडार बसवलं होतं, त्याचा लाल इशारा. संदेश असा: समोरचा उतार सकाळपासून रडारच्या दिशेनं तीन मिलिमीटर सरकला आहे.

ज्युनिअरनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल. मी एवढंच म्हणाले, "अख्खा?"

डोंगर असा अख्खा हलत नाही. कुठे तरी जुनी भेग असते, तिच्या खालचा तुकडा सुटतो, शेजारचा कातळ जागच्या जागी राहतो. सगळंच्या सगळं सारख्या मापानं पुढे येताना दिसलं की आधी बघणाऱ्याचे डोळे तपासायचे. हे आज लिहायला सोपं आहे. त्या संध्याकाळी मात्र पलीकडच्या काठावर वीस-बावीस घरांची वाडी होती, आणि लाल इशारा आला की वाडी रिकामी करायची असं करारातच लिहिलेलं होतं. पोलीस पाटलांना फोन गेलाही होता.

प्रकल्पाचं, वाडीचं आणि ज्यांनी काम दिलं त्यांचं नाव देत नाही. ज्यांचं आहे ते ओळखतील.

जागा

जलाशय म्हटल्यावर कोयनेचा शिवसागर डोळ्यांसमोर आणू नका. हे लहान तळं, वरच्या मोठ्या साठ्यातून आलेलं पाणी थोडा वेळ धरून ठेवायला आणि विजेची मागणी वाढली की टर्बाइनला सोडायला. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो, म्हणून संध्याकाळी शहरात दिवे लागले की अशा तळ्यांची पातळी उतरते आणि रात्री पुन्हा चढते. मुंबईची वीज सह्याद्रीतून येण्याला शंभरावर वर्षं झाली. खोपोलीचं वीजघर १९१५मधलं. आपण लिफ्टचं बटण दाबतो तेव्हा घाटात कुठे तरी पाणी उतरतं, हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं.

एका काठावर जुना निरीक्षण बंगला. समोर, पाण्यापलीकडे साधारण नऊशे मीटरवर, तो उतार. खाली काळा पाषाण, मध्ये लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा पट्टा, ज्याला भूगर्भवाले रेड बोल म्हणतात, वर मुरूम आणि लाल माती. तांबडा पट्टा कोरडा असतो तोवर विटेसारखा. पाणी प्यायला की बोटानं दाबला जातो. त्या पट्ट्याच्या वर जुन्या घसरणीचा अर्धगोल ओरखडा, ओरखड्याच्या पायथ्याशी जाळीत दगड भरून बांधलेली गॅबियनची भिंत, तिच्याखाली रस्ता, रस्त्याखाली पाणी. वाडी ओरखड्याच्या उजव्या अंगाला.

वाडीतल्यांची काळजी साधी होती: माळीण होऊ नये. ३० जुलै २०१४ला माळीण गेलं, २२ जुलै २०२१ला महाडचं तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. जुलै महिना घाटातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. आम्हा मुंबईकरांनाही नको. जुलै २०००मध्ये आमच्याच घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली. ऑफिसच्या मागच्या गल्लीतून ती टेकडी आजही दिसते.

काम देणाऱ्यांची काळजी निराळी होती. दरड पाण्यात पडली तर लाट उठेल का? पहिल्याच बैठकीत कुणीतरी व्हायोंटचं नाव काढलं. अशा बैठकीत ते निघतंच. उत्तर इटलीत ९ ऑक्टोबर १९६३च्या रात्री १०.३९ला माँटे टॉक डोंगराचा सुमारे २६-२७ कोटी घनमीटर भाग एका झटक्यात जलाशयात उतरला. पाणी धरणावरून उसळून खालच्या लाँगारोने गावावर गेलं. दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. २६१ मीटर उंचीचं धरण मात्र उभंच राहिलं. तो डोंगर तीन वर्षं सरकत होता आणि लोक तो मोजतही होते. शेवटी शेवटी दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंत वेग गेला होता. मापं कमी पडली नव्हती. पातळी जपून खालीवर केली की डोंगर आपल्या ताब्यात राहील, हा भरवसा कमी पडला.

आमचा उतार व्हायोंटच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, हे मी त्या बैठकीत सांगितलं. काही हजार घनमीटर माती तळ्यात गेली तर लाट येईल ती काठाची झाडं भिजवण्याइतकी. रस्ता आणि वाडी, धोका तिथे होता. पण व्हायोंटचं नाव एकदा निघालं की खर्चाची फाइल लवकर पुढे सरकते. हा माझा अनुभव, कुणी मनाला लावून घेऊ नये.

पाणी उतरतं तेव्हा

बाहेरच्याला वाटतं, तळं भरलं की धोका आणि उतरलं की सुटका. डोंगराचं गणित उलट चालतं. तळं भरलेलं असताना पाणी उताराच्या पायाला बाहेरून टेकू देतं आणि आतही मुरतं. पातळी झपाट्यानं उतरली की बाहेरचा टेकू जातो, पण आत मुरलेलं पाणी तेवढ्या घाईनं बाहेर येत नाही. मातीतला पाण्याचा दाब तसाच राहतो आणि पाया उघडा पडतो. विहिरीचा एकदम उपसा केला की कच्च्या काठाची माती धपकन आत येते, ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. हे तेच, मोठ्या मापात.

पहिल्यांदा पाणी भरतानाही असं होतं. चीनमध्ये थ्री गॉर्जेसचा जलाशय जून २००३मध्ये १३५ मीटर पातळीपर्यंत भरला आणि १३ जुलैला छियानजियांगपिंगची सुमारे २.४ कोटी घनमीटरची दरड नदीत उतरली. २४ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. इटलीतल्या आओस्ता खोऱ्यात बोरगार धरणाचं उदाहरण आणखी चमत्कारिक. तिथे डावा डोंगर इंचाइंचानं धरणालाच रेटत होता. पाणी वर्षानुवर्षं खाली ठेवावं लागलं, डोंगरावर इतर साधनांबरोबर जमिनीवरच्या रडारनंही नजर ठेवली गेली, आणि शेवटी १३२ मीटरच्या धरणाचा वरचा ५२ मीटर भाग कापून उतरवला.

आमच्या तळ्यावर हा चढउतार रोजचा. त्यात त्या आठवड्यात तीन दिवस मुसळधार, तळं काठोकाठ, उतार चिंब. मग उघडीप, आणि त्याच संध्याकाळी दोन्ही संच पूर्ण भारावर. म्हणजे पाऊस थांबला म्हणून सगळे निर्धास्त झाले तीच वेळ जास्त नाजूक होती.

यंत्र काय बघतं

रडारचा देखावा अगदी साधा. दोन मीटरचा रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी पेटी, पेटीवर दोन शिंगं. एकातून लहरी जातात, दुसऱ्यात परत येतात. पेटी रुळावरून एकदा गेली की त्या सगळ्या जागांवरच्या मापांची गोळाबेरीज होते आणि दोन मीटरची एक मोठी अँटेना असल्यासारखं चित्र मिळतं. १७ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर, लांबी सुमारे १७.६ मिलिमीटर. आमच्या अंतरावर चित्राचा एक ठोकळा साधारण चार मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल. दर काही मिनिटांनी नवं चित्र.

हालचाल कळते ती चित्रावरून नाही, लहरीच्या कलेवरून, म्हणजे फेजवरून. परत आलेली लहर मागच्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे हे बघायचं. मिलिमीटरचा अंशही पकडता येतो. पण दोन अटी. एक, रडारच्या नजरेच्या रेषेतली हालचालच दिसते. आडवं सरकलेलं जवळजवळ दिसत नाही. दोन, अर्ध्या लहरीच्या, म्हणजे ८.८ मिलिमीटरच्या, पुढे मोजणी घड्याळाच्या काट्यासारखी परत पहिल्या जागी येते. मधल्या फेऱ्या चुकल्या तर काटा कितीदा फिरला ते कळत नाही.

उपग्रहानं हे काम होत नाही का, असं प्रत्येक बैठकीत विचारतात. होतं. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार त्यासाठीही आहे. पण तो तीच जागा बारा दिवसांनी बघतो. बारा दिवसांत घाटात काय काय होऊन जातं.

खरी अडचण गवताची. मे महिन्यात रडार बसवलं तेव्हा उतार बोडका होता आणि चित्र आरशासारखं. मृग बरसला आणि पंधरा दिवसांत उतार हिरवा झाला. गवत, कारवी, रानहळद. वाऱ्यावर डुलणाऱ्या पात्यावरून परतणारी लहर दर फेरीला वेगळी, तिच्यावरून काही मोजता येत नाही. जूनअखेर चित्रात टिकून राहिलं ते एवढंच: ओरखड्याचा उघडा कातळ, गॅबियनची भिंत, वाडीचे पत्रे, रस्त्याचा कठडा आणि तळ्यातला इनटेक टॉवर, म्हणजे टर्बाइनकडे जाणारं पाणी आत घेणारा मनोरा. ज्या परदेशी खाणींच्या जोरावर हे यंत्र विकलं जातं तिथे झाडाचं पान नसतं. अमेरिकेतल्या युटाहमध्ये बिंगहॅम कॅनियनची खाण १० एप्रिल २०१३ला प्रचंड प्रमाणात ढासळली. हालचाल आधी कळल्यामुळे माणसं बाहेर काढलेली होती, कुणाला खरचटलंही नाही. तो नंगा दगड होता. विक्रेत्याच्या सादरीकरणात ही खाण असते, कारवी नसते.

हिरव्यात डोळे हवेत म्हणून आम्ही कुर्ल्याच्या एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमचे परावर्तक करून घेतले. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडायचे की झाला कोपरा. आत आलेली लहर आली त्याच वाटेनं परत जाते. सात बसवले. पहिल्या पावसात साताही जणांनी संप केला. तोंड थोडं वर केलेलं असल्यामुळे त्यांत पाणी साठलं, त्यावर पानं, पानांवर बेडूक. खालच्या कोपऱ्याला भोक ठेवायचं असतं हे आम्हाला माहीत होतं, ड्रॉइंगमध्येही होतं. फॅब्रिकेटरनं "पत्रा खराब होतो" म्हणून भोकं पाडली नव्हती, आणि आम्हीही घेताना बघितलं नाही. साइटवरच्या पोरानं हँडड्रिल घेऊन दिवसभर चिखलात बसून ती पाडली.

त्या संध्याकाळचा क्रम

आता लाल नकाशाकडे येऊ.

संशय पहिला, हवा. पाण्यावरून जाणाऱ्या लहरीला दमट हवा मंदावते. हवेच्या वक्रीभवनांकात दहा लाखांत एक भाग इतका फरक पडला तरी एक किलोमीटरवर एक मिलिमीटर खोटी हालचाल दिसते. पावसाळ्यात तळ्यावर संध्याकाळी धुकं उतरलं की असे फरक सहज पडतात. आम्हाला रोज संध्याकाळी एक-दोन मिलिमीटरची भुतं दिसत होतीच. पण हवेच्या भुताची एक खूण असते: जितकं अंतर जास्त तितकं ते मोठं. तीनशे मीटरवर एक दिसलं तर नऊशेवर तीन दिसणार.

मी ज्युनिअरला म्हटलं, "इनटेक टॉवर काढ."

इनटेक टॉवर आमच्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर, कातळात पाया रोवलेला काँक्रीटचा मनोरा. त्याचं माप: तीन मिलिमीटर, रडारच्या दिशेनं. मग सगळ्यात लांबचा, वाडीच्या वरचा कातळ. तोही तीन. जवळचं आणि लांबचं सारखंच.

"मॅडम, टॉवर आपल्याकडे चालत आला?" तो म्हणाला.

टॉवर येत नव्हता. आम्ही त्याच्याकडे चाललो होतो. रडार ज्या खांबावर बसलं होतं तो खांबच पाण्याकडे झुकत होता.

साइटवर फोन लावला. बंगल्याचे चौकीदार काका बॅटरी घेऊन खांबाच्या मागे गेले, पोरगा मोबाइल धरून. व्हिडिओत पहिल्यांदा नुसता चिखल. मग काकांनी बोटानं चिखल खरवडला आणि खांबाच्या बुडाशी, मागच्या बाजूला, माती आणि काँक्रीटच्या मध्ये फट दिसली. काकांनी खिशातलं दहाचं नाणं उभं करून तिच्यात सरकवलं. ते आत गेलं आणि दिसेनासं झालं. "गेलं, बाई," काका म्हणाले. त्यांना नाण्याचं वाईट वाटलं असावं.

खांब कुठे उभारला होता ते सांगते, कारण चूक तिथली आणि चूक आमची. बंगल्यासमोर तळ्याच्या कडेला पर्यटकांसाठी केलेला सपाट कट्टा होता. तिथून उतार सगळ्यात चांगला दिसतो. कट्टा जांभ्याच्या भरावावर आहे हे आम्हाला दिसलं होतं. मे महिन्यात तो भराव पहारीनं खणताना ठिणग्या उडत होत्या, म्हणून एक मीटरचा पाया पुरे असं ठरलं. खाली कातळ आणखी अडीच मीटरवर होता. तीन दिवसांच्या पावसात कट्ट्याच्या मागून आलेलं पाणी भरावात शिरलं. बाकी सांगायला नको. खांब एवढासा कलला, आणि मिलिमीटर मोजणाऱ्या यंत्राला एवढासा म्हणजे खूप.

सरांचा फोन आला. वाडीतल्या लोकांना शाळेत हलवायला दोन जीपगाड्या निघाल्या होत्या. "खात्री आहे का? थांबवू का गाड्या?"

"खांबाची खात्री आहे," मी म्हणाले. "डोंगराची नाही."

हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. रडार चुकीचं दाखवतंय हे सिद्ध झालं म्हणजे डोंगर स्थिर आहे हे सिद्ध झालं, असं सगळ्यांना वाटत होतं. तसं होत नाही. काचेवर डाग आहे म्हणून खिडकीबाहेर कुणी उभं नाही असं म्हणता येत नाही. डाग पुसून बघावं लागतं, आणि त्याला रात्र लागणार होती. मी सांगितलं, आजची रात्र माणसं शाळेत राहू देत. ठाणे स्लो कधीच गेली होती.

रात्रभराचं पुसणं

खांबाची हालचाल वजा करणं अवघड नव्हतं. इनटेक टॉवर आणि धरणाच्या काठावरचा कातळ हे दोन बिंदू हलत नाहीत असं धरायचं, त्यांची दिसलेली हालचाल सगळ्यांतून काढायची. पहाटे दोनच्या सुमाराला नकाशा हिरवा झाला. एक ठिपका सोडून.

ओरखड्याचा वरचा डावा कोपरा आणि त्याखालची गॅबियनची भिंत. दीड मिलिमीटर, खरी, आमच्याकडे.

आम्ही मागचे आठ दिवस उघडले आणि इथे खरी लाज वाटली. तो कोपरा आधीपासून सरकत होता. रोज संध्याकाळी तळं उतरलं की थोडा, सकाळी शांत. मग सॉफ्टवेअरला दिसला कसा नाही? हवेची भुतं काढण्यासाठी सॉफ्टवेअरला काही स्थिर बिंदू द्यावे लागतात. मे महिन्यात ते निवडताना ज्या बिंदूचा परतावा सगळ्यात ठणठणीत तो स्थिर मानला होता. गॅबियनची भिंत, जाळीतले दगड, झकास परतावा. पण ती भिंत जुन्या घसरणीच्या पायावरच बांधलेली. सरकणाऱ्या गाडीत बसून फलाट सरकतोय म्हणण्यासारखं. भिंत सरकत होती, सॉफ्टवेअर तिची हालचाल हवेच्या नावावर टाकून सगळ्यांतून वजा करत होतं, आणि कोपरा शांत दिसत होता. संध्याकाळची हवा आणि संध्याकाळचा उपसा एकाच वेळी, त्यामुळे ही चोरी कुणाला खटकलीही नाही.

सकाळी सातला पोरगा ओरखड्यावर चढला. भेगेच्या दोन्ही बाजूंना मे महिन्यात आम्ही लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. जोडीला असावं म्हणून, खर्च नगण्य. त्यानं टेप लावला आणि फोटो पाठवला. मेमधल्या मापापेक्षा खुंट्या सात मिलिमीटरनं लांब.

म्हणजे वाडीची माणसं त्या रात्री चुकीच्या कारणासाठी योग्य जागी झोपली. हे वाक्य अहवालाच्या मसुद्यात होतं. अंतिम प्रतीतून ते काढायला सांगितलं गेलं, म्हणून इथे ठेवते.

पुढे

उपाय करायचा तो पाण्याचा होता. आमची शिफारस: माती चिंब असेपर्यंत तळ्याची पातळी तासाला ठरावीक मापापेक्षा वेगानं उतरवू नये, म्हणजे संध्याकाळी एकच संच, दुसरा नंतर. कागदावर एक ओळ. प्रत्यक्षात संध्याकाळी मागणी असते तेव्हाची वीज महाग असते, आणि ती सोडायला कुणाला आवडेल? दोन बैठका झाल्या. एकीत मला विचारलं गेलं की दीड मिलिमीटरसाठी एवढं? मी खुंट्यांचा फोटो ठेवला. रडारच्या रंगीत नकाशापेक्षा तो टेपवरचा अंगठा जास्त चालला. बंधन मान्य झालं, आणि चार-पाच दिवसांत कोपऱ्याचा वेग मंदावला.

वेग वाढत जाऊन कोसळण्याची वेळ सांगता येईल का, यासाठी एक जुनी जपानी रीत आहे. फुकुझोनो यांनी १९८५मध्ये मांडलेली: वेगाचा व्यस्त (एक भागिले वेग) घ्या, काळासमोर आखा, रेषा शून्याला टेकेल ती वेळ कोसळण्याची. व्हायोंटची मापं नंतर या रीतीनं मांडली तर ती छान बसतात. आमचा कोपरा कधीच तसा पळाला नाही, उपशाबरोबर दोन पावलं टाकून थांबत राहिला. त्या आलेखाचा आम्हाला काही उपयोग झाला नाही.

अवघड झालं ते दुसऱ्यांदा. ऑगस्टमध्ये पुन्हा मोठा पाऊस आला, कोपरा पुन्हा जरासा हलला, आम्ही खरा इशारा दिला. वाडीतली माणसं शाळेत गेली, पण सगळी नाही. एक मावशी म्हशी सोडून यायला तयार होईनात. "मागच्या खेपेला तुमचं यंत्र वाकलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. बातमी त्यांच्यापर्यंत बरोबर पोचली होती. मी काय उत्तर देणार? नॉर्वेतल्या व्हेस्लेमानेन या कड्याखालच्या लोकांना पाच वर्षांत सोळा वेळा घरं सोडावी लागली, तेव्हा कुठे ५ सप्टेंबर २०१९ला कडा पडला. तिथेही रडार होतं, सोळाही वेळा माणसं निघाली, पण तिथे गोठ्यात दुभती म्हैस बांधून शाळेच्या फरशीवर झोपायचं नव्हतं. पुढच्या खेपेला तलाठ्यांनी शाळेच्या आवारात जनावरांसाठी ताडपत्री टाकून दिली आणि मावशी आपणहून आल्या. आमच्या सगळ्या प्रकरणातला हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक खर्च.

आणि त्याच ऑगस्टच्या रात्री दरड आली. आमच्या उतारावर नाही. वाडीच्या पलीकडच्या ओढ्यातून, दाट झाडीखालून, चिखल-दगडांचा लोंढा आला आणि रस्त्याची शंभर फूट लांबी गाडली गेली. कुणाला इजा झाली नाही. रडारच्या नोंदीत त्या ओढ्याच्या जागी काही नाही, कारण तिथे पानांशिवाय काही दिसतच नव्हतं. सह्याद्रीत माणसं मारणाऱ्या दरडी बहुतेक अशाच: वरची माती अतिवृष्टीत पाणी होऊन काही मिनिटांत सुटते, आधी दिवसेंदिवस रांगत नाही. त्यांना गाठायचं तर पर्जन्यमापक, ओढ्यांची पाहणी आणि ठरलेल्या पावसानंतर डोळे झाकून स्थलांतर. जमिनीवरचं रडार उघड्या, रांगणाऱ्या, समोरून दिसणाऱ्या तुकड्यासाठी. उदंचन प्रकल्पांची, म्हणजे पाणी वर चढवून ठेवायचं आणि वीज लागेल तेव्हा खाली सोडायचं अशा प्रकल्पांची, नवी तळी आता घाटात ठिकठिकाणी येऊ घातली आहेत, तिथे पातळी रोज खालीवर होणार, आणि प्रत्येक निविदेत "रडार बसवणे" ही ओळ असेल असं मला दिसतंय. त्या ओळीच्या वर "खांब कातळापर्यंत नेणे" ही ओळ कुणी लिहिली तर बरं. स्थिर बिंदू कोणता आणि तो स्थिर का, हे भूगर्भवाल्यानं जागेवर जाऊन सही करून द्यावं, ही दुसरी. आणि लाल दिव्याची तार थेट पोलीस पाटलाच्या फोनला जोडू नये. मध्ये एक जागा माणूस असावा, ज्याला इनटेक टॉवर उघडून बघायचं सुचेल.

आमचा खांब सप्टेंबरमध्ये कातळात नेला. तोवर पावसाळा सरत आला होता. रडार भाड्याचं होतं, ऑक्टोबरात परत गेलं. खांबाच्या दुसऱ्या पायाचा खर्च कुणाच्या नावे टाकायचा हा प्रश्न ऑफिसात अजून फिरतो आहे. परावर्तकांपैकी पाच काढून आणले, एक सापडला नाही, आणि सातवा मावशींच्या गोठ्याच्या वळचणीला पन्हळीसारखा बसवलेला आहे. भोक आहेच, पाणी बरोबर बादलीत पडतं.

खुंट्या मात्र आहेत. वाडीतली दोन पोरं दर सोमवारी टेप लावतात आणि फोटो टाकतात. या सोमवारचा फोटो आत्ता समोर आहे: टेप, मळका अंगठा, मागे तळं, आणि पलीकडच्या काठावर रिकामा खांब. आकडा मागच्या सोमवारचाच.